सहा घरं आणि एक अडकलेली पुंगळी

अनारशाला जाळी का पडत नाही यावर आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात लेख येतो, तर रिव्हॉल्व्हरमधली रिकामी पुंगळी का निघत नाही यावर का येऊ नये, असं मी संपादकताईंना विचारलं. फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग त्या म्हणाल्या, "लिही. पण माझ्या आईला कळेल असं लिही." त्यांच्या आई चिंचवडला असतात आणि अंक पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. तेव्हा काकू, हा लेख तुमच्यासाठीही आहे. मी सहा वर्षं शाळेत इतिहास शिकवला आहे. समजावून सांगण्याची खोड अजून गेलेली नाही.

आम्ही ॲरिझोनात, फिनिक्सजवळ राहतो. इथे 'काउबॉय ॲक्शन शूटिंग' नावाचा एक खेळ आहे. १९८७ साली या खेळाची 'सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी' ही संस्था निघाली. खेळाडू एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या पश्चिम अमेरिकेतले कपडे घालून येतात, स्वतःला टोपणनाव घेतात आणि त्या काळच्या धाटणीच्या बंदुकांनी लोखंडी पाट्यांवर नेम धरतात. दोन रिव्हॉल्व्हर, एक रायफल, एक शॉटगन आणि हातात घड्याळ धरून उभा असलेला पंच. फिनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी नावाचं मोठं सरकारी मैदान आहे. तिथे दर वर्षी हिवाळ्याच्या अखेरीला 'विंटर रेंज' ही स्पर्धा भरते. आमचं ग्रीन कार्ड आल्यानंतर नवऱ्याला या खेळाचा नाद लागला. मी आधी नुसती बघायला जायची. १८७३ सालचं यंत्र आजही तसंच्या तसं चालतं, ही गोष्ट इतिहासाच्या बाईला गप्प बसू देणारी नव्हती. आता मी आमच्या स्थानिक क्लबात बंदुका रिकाम्या करण्याच्या टेबलावर स्वयंसेवक म्हणून उभी राहते. नेमबाजी संपली की प्रत्येकाने या टेबलावर यायचं, सगळी काडतुसं काढायची, रिकामी बंदूक मला दाखवायची आणि मगच पुढे जायचं. अडकलेली पुंगळी पहिल्यांदा दिसते ती याच टेबलावर.

एकेक करून बाहेर

आधी यंत्र समजून घेऊ. काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची नळकांडी म्हणजे पुंगळी, तिच्या तोंडात बसवलेली शिशाची गोळी, पोटात दारू आणि बुडाशी छोटीशी टोपी. या टोपीला प्रायमर म्हणतात. घोडा पडला की प्रायमरवर ठोका बसतो, ठिणगी पडते, दारू पेटते आणि गोळी निघून जाते. पुंगळी मात्र तिथेच राहते. तीच आपल्याला बाहेर काढायची असते.

रिव्हॉल्व्हरच्या मधोमध फिरणारा सिलिंडर असतो. 'शोले'तला गब्बर फिरवतो तोच. त्यात बहुधा सहा घरं असतात आणि प्रत्येक घरात एक काडतूस बसतं. 'सिंगल ॲक्शन' म्हणजे प्रत्येक गोळीसाठी घोडा अंगठ्याने मागे ओढायचा. चाप फक्त तो सोडायचं काम करतो. कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डच्या कोल्ट कंपनीचं 'सिंगल ॲक्शन आर्मी' हे रिव्हॉल्व्हर अमेरिकी सैन्याने १८७३ साली स्वीकारलं. सिनेमातल्या काउबॉयच्या कमरेला दिसतं ते हेच. आज या खेळात इटलीत बनलेल्या त्याच्या प्रतिकृती पुष्कळ दिसतात. १९५० च्या दशकात रूगर कंपनीने 'सिंगल-सिक्स' आणि 'ब्लॅकहॉक' काढली. तीही याच घराण्यातली.

या घराण्याचा एक विशेष आहे. काही रिव्हॉल्व्हर मधून मोडल्यासारखी उघडतात आणि सगळ्या पुंगळ्या एकदम उचलल्या जातात. इंग्रजांच्या काळात आपल्याकडे आलेलं वेबली त्याच जातीचं. कोल्टची चौकट मात्र अखंड असते. उजव्या बाजूला, सिलिंडरच्या मागे, एक छोटी झडप असते. ती उघडली की एका वेळी एकच घर दिसतं. नळीच्या खाली एक स्प्रिंग लावलेली सळई असते. ती मागे दाबली की पुढच्या बाजूने घरात शिरते, रिकाम्या पुंगळीच्या पोटात जाते, आतून तिच्या बुडाला धक्का देते आणि पुंगळी झडपेतून बाहेर पडते. मग सिलिंडर एक घर पुढे फिरवायचा आणि पुन्हा सळई दाबायची. सगळं एकेक करून.

सळई पुंगळीच्या आत जाते, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचाच उपयोग होणार आहे.

पुंगळी घट्ट बसते ती का

घरातले स्टीलचे दोन पेले एकात एक अडकतात तेव्हा आपण काय करतो? आतल्यात गार पाणी भरतो आणि बाहेरचा गरम पाण्यात धरतो. बाहेरचा किंचित प्रसरण पावतो, आतला आकुंचन पावतो आणि दोघं सुटतात. रिव्हॉल्व्हरमध्ये हेच नाटक क्षणभरात घडतं, फक्त उष्णतेच्या जागी दाब असतो.

दारू पेटली की आतल्या वायूचा दाब पुंगळीला फुगवतो. पितळ घराच्या भिंतीला चिकटतं आणि वायू मागे येऊ देत नाही. गोळी निघून गेली की दाब उतरतो. पितळ लवचीक असल्यामुळे ते किंचित मागे सरतं आणि पुंगळी घरात सैल होते. सगळं सुरळीत असेल तर सळईच्या हलक्या धक्क्याने, कधी तर बंदूक नुसती नळी वर करून धरली तरी, पुंगळी टपकन खाली पडते. म्हणून पुंगळ्या पितळेच्या करतात. पितळाला फुगताही येतं आणि परतताही येतं.

पुंगळी अडकली याचा अर्थ या फुगण्या-परतण्यात कुठेतरी खोट आली. दाब फार झाला, फार कमी झाला, भिंत घाण झाली, भिंत खडबडीत आहे, किंवा पुंगळीच त्या घरची नाही. जोर लावून ती निघतेही. पण जोर लावणाऱ्याला यातलं कोणतं कारण होतं ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या खेपेला ती पुन्हा अडकते.

पहिला प्रश्न: ती खरंच रिकामी आहे का?

कारणांकडे जाण्याआधी एक प्रसंग सांगते, कारण या लेखात याहून महत्त्वाचं दुसरं काही नाही.

आमच्या खेळात प्रत्येक रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरं असली तरी काडतुसं पाचच भरतात आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवतात. जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा भरलेल्या घरावर असताना ते खाली पडलं तर गोळी सुटू शकते, म्हणून ही जुनी शिस्त. दोन रिव्हॉल्व्हर म्हणजे दहा काडतुसं. गेल्या हिवाळ्यात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ माझ्या टेबलावर आले. नऊ पुंगळ्या निघाल्या, दहावी निघेना. त्यांनी झडपेतून मला बूड दाखवलं. प्रायमरवर ठोक्याचा खळगा स्पष्ट होता. "बघ, उडालेली आहे. घरी जाऊन काढतो," असं म्हणून त्यांनी बंदूक पिशवीकडे नेली. त्यांचा शाळकरी नातू आजोबांचं सामान गाडीत ठेवायला शेजारीच उभा होता.

मी त्यांना म्हटलं, "आजोबा, बाहेर निघालेल्या पुंगळ्यांच्या घरात सळई कुठपर्यंत जाते ते आधी दाखवा." रिकाम्या घरात सळई आरपार गेली. मग अडकलेल्या घरावर त्यांनी ती अगदी हलकेच, नुसती टेकवायला सांगितली तेवढीच, दाबली. पुंगळी रिकामी असती तर सळई सुमारे तीन सेंटिमीटर तिच्या पोटात जाऊन मग बुडाला टेकली असती. ती घराच्या तोंडाशीच थांबली. म्हणजे पोट रिकामं नव्हतं. सळई गोळीच्या नाकावर टेकली होती.

मी पंचांना बोलावलं. नळी मातीच्या बांधाकडे ठेवून त्यांनी सिलिंडरच बंदुकीतून बाहेर काढला. सिलिंडर बाहेर आला की घोड्याला ठोकायला काही उरत नाही. पुढून पाहिलं तर घरात शिशाचा राखाडी गोल दिसत होता. पूर्ण भरलेलं, न उडालेलं काडतूस. ते घरी बनवलेलं होतं. गोळी बसवताना पुंगळीचा काठ थोडा फुगला होता, म्हणून ते अंगठ्याने दाबून घरात घातलं गेलं आणि तिथेच रुतलं. प्रायमर पुरता खोल बसलेला नव्हता. अशा वेळी पहिला ठोका प्रायमरला फक्त आत ढकलतो. दुसरा ठोका त्याला उडवू शकतो. आणि घरी गेल्यावर आजोबा ती पुंगळी काढायला हातोडीच घेणार होते.

आजोबा खुर्चीवर बसले, नातवाकडे पाहिलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. तो सिलिंडर पुढे तिथल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे गेला.

तर पहिला नियम असा: प्रायमरवरचा खळगा म्हणजे ठोका बसल्याचा पुरावा. गोळी उडाल्याचा नव्हे. खात्री हवी तर मोजा. पाच भरली, पाच आवाज झाले, पाच बाहेर आली का? 'टक' झालं आणि आवाज झाला नाही, तर नळी निशाण्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबा, कारण काही काडतुसं उशिरा उडतात. आवाज झाला पण फुसका, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्या मागून दुसरी झाडली तर नळी फुटते. आणि न उडालेलं काडतूस घरात रुतलं असेल तर ते आपलं काम नाही. ते जाणकाराच्या हाती द्यायचं.

वहीतला तक्ता

पुंगळी रिकामी आहे हे नक्की झालं की मग शोध सुरू. मी विद्यार्थ्यांना सांगायची, पुरावा गोळा करण्याआधी निष्कर्ष काढू नका. इथेही तेच. मी टेबलावर एक वही ठेवते आणि सिलिंडरच्या घरांना एक ते सहा क्रमांक देते. कोणत्या घरात अडकली, कोणत्या डब्यातलं काडतूस होतं, सुरुवातीला अडकली की शेवटी, एवढंच लिहायचं. चार-पाच नोंदी झाल्या की उत्तर बहुधा आपोआप दिसतं.

एकच घर दर वेळी त्रास देतं, तर दोष त्या घरात आहे. सगळी घरं त्रास देतात पण एकाच डब्यातल्या काडतुसांनी, तर दोष काडतुसात. सुरुवातीला सगळं सुरळीत आणि पन्नास-साठ गोळ्यांनंतर हळूहळू घट्ट, तर काजळी. आणि स्वच्छ घरात पहिल्याच गोळीला घट्ट, तर दाब जास्त किंवा माप चुकीचं. आता ही कारणं एकेक पाहू.

काजळी. टिकल्यांचं पिस्तूल आठवतं? दोन रीळं उडवली की घोड्याच्या खाली करडा-काळा थर साचायचा आणि तिसऱ्या रिळाला ते अडखळायला लागायचं. इथेही तसंच. आमच्या खेळात गोळीचा वेग रिव्हॉल्व्हरसाठी सेकंदाला १,००० फुटांपर्यंतच ठेवतात, आणि बरेच जण त्याहून खूप हलकी काडतुसं वापरतात. .४५ कोल्टची पुंगळी मोठी असते. तिच्यात चिमूटभर दारू घातली की दाब कमी पडतो, पितळ नीट फुगत नाही, भिंतीला चिकटत नाही आणि धूर पुंगळीच्या बाहेरून मागे सरकतो. अशी पुंगळी बाहेर काढली तर एका अंगाला काळी धार दिसते. नवख्यांना वाटतं, फार जोराचं काडतूस होतं म्हणून अडकलं. प्रत्यक्षात ते फार मऊ होतं.

आखूड काडतूस, लांब घर. .३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५ साली आलं. त्याची पुंगळी जुन्या .३८ स्पेशलपेक्षा साधारण साडेतीन मिलिमीटर लांब आहे, जाडी तीच. म्हणून .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ चालतं, स्वस्त पडतं आणि हाताला धक्काही कमी देतं. पण आखूड पुंगळीचं तोंड जिथे संपतं तिथे काजळी आणि शिशाचं एक कडं साचत जातं. शेकडो .३८ झाडल्यावर एके दिवशी लांब .३५७ घातलं की ते या कड्यात रुतून बसतं, आणि उडाल्यावर पुंगळी कड्यातच फुगते. कुकरच्या झाकणाच्या खाचेत साचलेल्या खळीसारखंच हे. रोज दिसत नाही आणि एक दिवस झाकण फिरत नाही.

दाब. गाडीच्या टायरमध्ये आपण चौरस इंचाला ३२-३५ पौंड दाबाची हवा भरतो. .३५७ मॅग्नमची कमाल मर्यादा ३५,००० पौंड आहे, .३८ स्पेशलची १७,००० आणि .४५ कोल्टची १४,०००. मर्यादेपलीकडचा दाब झाला तर पितळच नव्हे, पोलादाचं घरसुद्धा कणभर ताणलं जातं. मग पोलाद मागे येतं आणि पितळाला आवळून धरतं. पेल्यांचं उदाहरण उलटं चालवून पाहा. पुंगळ्या घट्ट निघत असतील आणि प्रायमर दाबून सपाट केल्यासारखे दिसत असतील, तर त्या डब्यातलं पुढचं काडतूस झाडू नये. घरी काडतुसं बनवणाऱ्यांनी तर मुळीच नाही. सफाई करून हा दोष जात नाही, आणि तो अंगावर येऊ शकतो.

भलतंच काडतूस. .२२ च्या काही रिव्हॉल्व्हरबरोबर दोन सिलिंडर येतात, एक .२२ लाँग रायफलचा आणि एक .२२ मॅग्नमचा. नावं जवळची असली तरी मॅग्नमची पुंगळी जाड असते. लाँग रायफलचं काडतूस मॅग्नमच्या घरात सहज जातं, कारण ते तिथे सैल पडतं. उडालं की पातळ पुंगळी फुगते, चिरते आणि तिथेच राहते. चिरेतून गरम वायू मागे येतो तो वेगळाच. अशी चिरलेली पुंगळी दिसली की आधी सिलिंडरवर काय कोरलं आहे ते वाचा.

खडबडीत भिंत. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये गंजाचे बारीक खड्डे पडलेले असतात. पूर्वीच्या काही प्रायमरमध्ये उडाल्यावर मिठासारखे क्षार उरायचे. ते हवेतली ओल ओढून घ्यायचे आणि बंदूक त्याच रात्री साफ केली नाही तर पोलादाला खायचे. नव्या रिव्हॉल्व्हरमध्येही कधी एखाद्या घरात कापणीच्या हत्याराचे ओरखडे राहतात. फुगलेलं पितळ या खाचांमध्ये घुसतं. वहीत एकाच क्रमांकासमोर फुल्या पडत असतील तर बहुधा हेच. पॉलिश पेपर घेऊन स्वतः घर घासू नये. घर कणभर मोठं झालं की ते पुन्हा लहान करता येत नाही.

सळईच बाद. कधी पुंगळी अडकलेलीच नसते. सळई वाकलेली असते, किंवा तिच्या घराचा स्क्रू धक्क्यांनी ढिला होऊन सळई तिरकी जाते. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सळईही आखूड असते, ती पुंगळीला पूर्ण बाहेर ढकलत नाही. मग उरलेला भाग बोटाच्या नखाने ओढावा लागतो. आणि काही रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर फिरवताना 'टक' ऐकू येतो तोवर घर सळईच्या थोडं पुढे गेलेलं असतं. सळई पुंगळीत शिरण्याऐवजी घराच्या काठावर आपटते आणि आपल्याला वाटतं पुंगळी घट्ट आहे. २००५ साली रूगरने काढलेल्या 'न्यू व्हॅकेरो'मध्ये ही रांग नीट जुळेल अशी रचना केली आहे. बाकीच्यांत सिलिंडर 'टक'च्या अलीकडे थांबवायची सवय हाताला लावावी लागते. बहुतेक वेळा तो एकाच दिशेने फिरतो, म्हणून घर चुकलं तर पूर्ण फेरी मारून परत यायचं.

काढायची कशी

नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या बाहेर. बंदूक गरम असेल तर गार होऊ द्या. पुष्कळ पुंगळ्या एवढ्यानेच सुटतात. मग नळी आकाशाकडे करून सळई तळहाताने, सरळ रेषेत, एकसारख्या जोराने दाबा. सळईवर हातोडी, पकड किंवा दगड चालवू नका. पुंगळी निघायच्या आधी सळई वाकते आणि एका दुखण्याची दोन होतात.

तरीही निघाली नाही तर अर्धवट बाहेर आलेली पुंगळी पुन्हा आत सरकवा, नाहीतर सिलिंडर फिरणारही नाही आणि निघणारही नाही. झडप उघडी ठेवून सिलिंडरचा आस मोकळा करा, तो पुढे ओढा आणि सिलिंडर उजवीकडून काढून घ्या. जुन्या कोल्ट धाटणीत त्यासाठी घोडा अर्ध्यावर ओढून ठेवावा लागतो. १९७३ नंतरच्या रूगरमध्ये घोडा खालीच असतो. आता सिलिंडर हातात आहे. पुढून प्रकाशात धरून पाहा. पोकळ पितळ दिसलं तरच पुढे जा.

घराच्या मागच्या तोंडात, पुंगळीभोवती, काजळी विरघळवणाऱ्या द्रवाचे दोन थेंब सोडा आणि चहा पिऊन या. मग सिलिंडर लाकडी ठोकळ्यावर असा ठेवा की पुंगळीला खाली उतरायला जागा राहील. पुढच्या बाजूने घरात मावेल अशी लाकडी किंवा पितळी काठी घाला आणि हलके-हलके ठोका. पोलादी सळई नको, ती घराच्या भिंतीला ओरखडे पाडते. एवढ्यानेही निघाली नाही तर कारागिराकडे न्या.

पुंगळी निघाली की काम संपलं असं समजू नका. घराला कांस्याच्या ब्रशने, द्रव लावून, पुढून-मागून घासा. ते काजळीचं कडं जाईपर्यंत घासा. मग कापडाच्या तुकड्याने पूर्ण कोरडं करा. घरात तेल ठेवू नका. तेलावर काजळी जमते आणि पितळाला भिंत धरता येत नाही. शेवटी रिकामं, स्वच्छ काडतूस-माप किंवा न झाडलेली रिकामी पुंगळी घालून पाहा. ती स्वतःच्या वजनाने आत गेली आणि उलटं करताच पडली, म्हणजे घर बरं झालं.

घरातल्यांसाठी

ही सफाई स्वयंपाकघरात करायची नाही. गोळीत आणि प्रायमरमध्ये शिसं असतं. त्याची बारीक पूड हाताला, कपड्यांना लागते आणि लहान मुलांना ती सगळ्यात घातक. गॅरेजमध्ये, वर्तमानपत्र अंथरून, हातमोजे घालून काम करावं. वापरलेल्या चिंध्या वेगळ्या बांधून टाकाव्यात. नंतर साबणाने हात धुवावेत आणि कपडे वेगळे धुवावेत. मैदानावरून आल्या-आल्या फराळाच्या डब्यात हात घालू नये. हे मी आमच्याकडे दर रविवारी सांगते.

आता काकूंसाठी नाही, पण इथल्या वाचकांसाठी एक कायद्याची गोष्ट. एच-१बी, एच-४, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असे मोजके अपवाद आहेत. नेमबाजीच्या मैदानावर भाड्याची बंदूक हातात घेणं हेही बाळगण्यातच मोडू शकतं. भारतातून आईवडील आले की 'चला, गंमत दाखवू' म्हणून त्यांना घेऊन जाण्याआधी एवढं माहीत असू द्या. आणि रिकामी पुंगळी आठवण म्हणून भारतात नेण्याच्या बॅगेत घालू नका. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला ती रिकामी आहे हे पटवत बसायची वेळ कशाला आणायची? तिच्यासोबत चुकून एक जिवंत काडतूस गेलं तर प्रकरण थेट १९५९ च्या शस्त्र कायद्यात जातं.

ज्यांच्या घरी बंदूक नाही, त्यांनाही यातलं एक घ्यावंसं वाटेल. मुलं मित्रांकडे खेळायला जातात तेव्हा त्या घरी बंदूक आहे का, कुलपात आहे का, हे मी विचारते. विचारायला आधी जड वाटतं. 'आहे, पण रिकामी आहे' असं उत्तर आलं, तर 'रिकामी' हा शब्द बोलणाऱ्याने कसा तपासला आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. माझ्या टेबलावर तो आजोबांनीही तपासला होता, खळगा पाहून. म्हणून माझी अट कुलपाची असते. बंदूक एका पेटीत आणि काडतुसं दुसऱ्या, दोन्ही बंद.

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रं पुसून, हळदकुंकू वाहून ठेवतात. इतिहासाच्या तासाला मुलं मला विचारायची, बाई, नुसती पूजा करून काय होतं? तेव्हा मी सांगायची की वर्षातून एकदा तरी प्रत्येक हत्यार हातात घेऊन पाहिलं जावं, गंज चढलाय का, मूठ सैल झालीये का हे कळावं, एवढा तरी त्याचा उपयोग आहेच. आमच्या क्लबात ती पाहणी दर पंधरा दिवसांनी होते. नळी बांधाकडे, झडप उघडी, आणि मी मोठ्याने मोजते. पाच आत गेली होती, पाच बाहेर आली. चारच आली असतील तर कोणीही टेबल सोडून जात नाही. मग उन्हात कितीही मोठी रांग लागलेली असो.